‘संभाषण’ कुठे लिहावे आणि कुठे ‘बोलणे’च बरे

मराठीला बोलण्याच्या शब्दांची ददात नाही. बोलणे आहे, गप्पा आहेत, हितगुज, कानगोष्टी, चर्चा, मसलत, खलबते, वाटाघाटी, संवाद, वार्तालाप आहेत. आणि या सगळ्या घोळक्यात कडक इस्त्रीचा सदरा घालून बसलेले ‘संभाषण’ आहे. नव्याने मराठीत लिहू लागलेला माणूस बहुधा त्याच्याकडेच वळतो. कुणी भाषांतराचे काम घेतलेले असते, कुणाच्या गळ्यात कार्यालयातला मराठी पत्रव्यवहार पडलेला असतो, कुणाची सगळी शाळा इंग्रजीतून झालेली असते. ‘बोलणे’ लिहिले तर ते फार घरगुती दिसेल, ही धास्ती मात्र सगळ्यांना सारखीच. मग वाक्य उतरते: ‘काल माझे आईशी संभाषण झाले.’ व्याकरणात खोट नाही. पण वाचणाऱ्याला वाटते, मायलेकरांचे काहीतरी फाटले आहे आणि मध्ये वकील बसला आहे.

शब्द चांगला आहे, कामाचा आहे. फक्त त्याची जागा ठरलेली आहे. ती ओळखायची कशी, ते पायरीपायरीने पाहू.

पायरी १ : शब्द उघडून पाहा

‘भाष्’ हा संस्कृत धातू, अर्थ बोलणे. त्यावरून भाषण. त्याला आधी ‘सम्’ हा उपसर्ग लागला की संभाषण. ‘सम्’मध्ये एकत्र, मिळून, नीटपणे असा भाव आहे. भाषणात एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात, निदान ऐकल्यासारखे करतात. संभाषणाला कमीत कमी दोघे लागतात, आणि दोघांनाही तोंड उघडावे लागते. म्हणून ‘प्रमुख पाहुण्यांनी श्रोत्यांसमोर संभाषण केले’ हे चूक. तिथे भाषणच हवे. राज्यपाल विधिमंडळापुढे करतात ते अभिभाषण, तेही एकतर्फीच.

हीच परीक्षा उलट बाजूनेही लावता येते. समोरचा नुसता हुंकार भरत होता, तर ते संभाषण म्हणायचे का? नोंदीपुरते म्हणता येईल, कारण संभाषण हा शब्द किती बोलले, कसे बोलले, मने जुळली की नाही यात पडत नाही. दोन माणसांत शब्दांची देवाणघेवाण झाली, एवढीच साक्ष तो देतो. हा कोरडेपणा लक्षात ठेवा. पुढची बहुतेक उत्तरे त्यातून निघतात.

पायरी २ : लिंग, रूपे आणि लेखन पक्के करा

संभाषण नपुंसकलिंगी आहे: ते संभाषण, लांबलेले संभाषण, आमचे संभाषण. अनेकवचन संभाषणे, बोलताना ‘संभाषणं’. विभक्ती लागताना ‘संभाषणा-’ असे सामान्यरूप होते: संभाषणात, संभाषणाचा, संभाषणातून. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार येतो, आणि तो गाळला तर अर्थ बदलतो. ‘त्यांच्या संभाषणात हा उल्लेख आहे’ म्हणजे एका वेळच्या बोलण्यात. ‘त्यांच्या संभाषणांत हा उल्लेख आहे’ म्हणजे अनेक वेळच्या. चौकशीच्या कागदात हा एक टिंब महागात पडू शकतो. शंका नको असेल तर सरळ ‘संभाषणांमध्ये’ लिहावे.

शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचे: संभाषणादरम्यान, संभाषणानंतर, संभाषणाविषयी. ‘संभाषणा दरम्यान’ असे तोडू नये. सामासिक शब्दही तसेच: संभाषणकौशल्य, संभाषणचतुर, संभाषणकला. जाहिरातींच्या फलकांवर ‘संभाषण कौशल्य’ असे सुटे दिसते. फलक पाहून शुद्धलेखन शिकू नये, एवढेच म्हणतो.

अनुस्वाराबद्दल थोडे. संभाषणातल्या टिंबाचा उच्चार ‘म्’ होतो, कारण पुढे ‘भ’ आहे. म्हणून ‘सम्भाषण’ असे पूर्वीचे लेखन दिसते आणि ते तत्सम शब्द म्हणून समजण्यासारखे आहे, पण आज शीर्षबिंदूच रूढ आहे. ‘सम्वाद’ला मात्र असा आधार नाही. य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्या आधी अनुस्वार आला तर फक्त शीर्षबिंदू द्यायचा, असे मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत सांगितलेले आहे. हे नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. म्हणून संवाद, संयम, संशय. उच्चार ‘संव्वाद’सारखा झाला तरी लेखनात व एकच.

राहता राहिले ष आणि ण. ‘संभाशन’ बोलताना खपून जाते, लिहिताना नाही.

पायरी ३ : क्रियापद जुळवा

परका माणूस शब्दापेक्षा क्रियापदावरून लवकर ओळखू येतो. मराठीत प्रत्येक बोलण्याला आपापले क्रियापद आहे आणि ते अदलाबदल सहन करत नाही.

संभाषण होते, चालते, सुरू होते, थांबते, लांबते, तुटते. करताही येते. पण संभाषण ‘मारता’ येत नाही. मारायच्या त्या गप्पा. गप्पा हाणता, छाटता, ठोकताही येतात, आणि रंगतात तर हमखास. संवाद साधायचा, घडवून आणायचा. तो खुंटतो, हरवतो. चर्चा करायची, ती झडते. वाटाघाटी चालतात आणि फिसकटतात. खलबते बंद दाराआड चालतात. हितगुज मनातले असते, ते करायचे. ‘संभाषण साधले’ किंवा ‘हितगुज फिसकटले’ असे कुणी लिहिले तर अर्थ कळतो, पण वाचणारा क्षणभर अडखळतो.

क्रियापदाआधीचा प्रत्यय त्याहून महत्त्वाचा. मराठीत आपण कुणा‘शी’ बोलतो, कुणा‘शी’ संभाषण करतो. ‘त्यांच्यासोबत संभाषण केले’ ही हिंदीची सावली आहे. सोबत चालता येते, जेवता येते, राहता येते; बोलायचे ते ‘शी’. दोघांचा एकत्र उल्लेख असेल तर ‘दोघांमधले संभाषण’ किंवा ‘त्यांचे आपसातले संभाषण’. विषय सांगायचा तर ‘विषयी’, ‘बद्दल’, ‘संबंधी’. ‘वर’ चर्चेला शोभतो: अर्थसंकल्पावर चर्चा. संभाषणाला तो तितकासा बसत नाही.

पायरी ४ : शेजारी ओळखा

इथे जरा रेंगाळू, कारण खरा गोंधळ इथेच होतो.

संवाद आणि संभाषण हे एकाच अर्थाचे म्हणून वापरले जातात आणि पुष्कळदा चालूनही जातात. पण संवादाच्या पोटात जुळण्याची कल्पना आहे. संगीतात वादी स्वराशी नाते सांगणारा तो संवादी स्वर. हार्मोनियमला मराठीत संवादिनी म्हणतात तेही याच वाटेने. त्यामुळे संवाद हा थोडा कौतुकाचा शब्द झाला आहे. पालक आणि मुलांत संवाद हवा, असे आपण म्हणतो. संभाषण हवे असे म्हणत नाही. संभाषण तर रोजच होत असते: ‘अभ्यास झाला?’ ‘हो.’ ‘किती?’ ‘झाला ना!’

उलटीकडे, दोन आरोपींनी फोनवर कट शिजवला, तर पोलिसांच्या हाती लागते ते संभाषण. बातमीत तिथे ‘आरोपींमधील संवाद’ असे वाचले की वाटते, त्यांचे समुपदेशन चालले होते. जिथे बऱ्यावाइटाचा शिक्का नको, नुसती नोंद हवी, तिथे संभाषण.

संवादाला आणखी एक घर आहे, नाटक-सिनेमाचे. पात्रांच्या तोंडची वाक्ये ते संवाद, लिहिणारा संवादलेखक, म्हणण्याची लकब ती संवादफेक. शाळेतही ‘संवादलेखन’ असते, ‘संभाषणलेखन’ नसते. (‘डायलॉग मारणे’ ही मात्र वेगळीच कला आहे. तिला शुद्ध मराठी प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोप करू नये.) आणि ‘विसंवाद’ म्हणजे बोलणे बंद होणे नव्हे, तर न जुळणे, सूर बिघडणे. बोलणे बंद झाले असेल तर ‘अबोला’ हा फार सुरेख शब्द आपल्याकडे आहे.

बातम्यांनी संवादाचे जे केले आहे त्याबद्दल मला तक्रार आहे. नेत्याने लिहून आणलेले निवेदन वाचले, एकही प्रश्न घेतला नाही, तरी दुसऱ्या दिवशी छापून येते: ‘पत्रकारांशी संवाद साधला.’ तिथे ‘पत्रकारांना सांगितले’ पुरेसे असते, आणि खरेही. ‘विद्यार्थ्यांशी हितगुज केले’ हा त्याचाच भाऊ. व्यासपीठावरून ध्वनिक्षेपकात हितगुज होत नाही.

वार्तालाप म्हणजे वार्ता आणि आलाप. आलाप इथे गाण्यातला नाही, बोलणे या मूळ अर्थाचा. प्रेमालाप, विलाप, प्रलाप हे त्याचे नातेवाईक. मराठीत वार्तालापाला थोडा प्रसंगाचा, कार्यक्रमाचा वास आहे. पत्र सूचना कार्यालय पत्रकारांसाठी ज्या कार्यशाळा घेते त्यांचे नावच ‘वार्तालाप’ आहे. पाहुण्याला बोलावून प्रश्नोत्तरे करायची, तर कार्यक्रमपत्रिकेवर हा शब्द शोभतो. रोजच्या गद्यात तो हिंदीतून आल्यासारखा वाटतो, कारण हिंदीत तो सर्रास चालतो.

हिंदीचा विषय निघालाच आहे तर दोन खड्डे दाखवून ठेवतो. हिंदीत ‘शांति वार्ता’ म्हणजे शांततेची बोलणी. मराठीत वार्ता म्हणजे बातमी: वार्ताहर, शुभवार्ता, ‘पावसाची वार्ताही नाही’. म्हणून ‘दोन्ही देशांत शांतिवार्ता सुरू’ असे जसेच्या तसे उचलले तर मराठी वाचक चकतो. तिथे ‘शांततेची बोलणी’ किंवा ‘शांतता चर्चा’ लिहा. दुसरा खड्डा ‘संचार’चा. हिंदीत संचार म्हणजे निरोप, माहिती इकडून तिकडे जाणे. मराठीत दूरसंचार या एका शब्दात तो अर्थ आला, पण सुटा ‘संचार’ म्हणजे फिरणे, वावर. म्हणून तर संचारबंदी. ‘कर्मचाऱ्यांमधील संचार सुधारावा’ या वाक्याचा अर्थ मराठीत भलताच होईल. तिथे संवाद लिहावा. अभ्यासविषय म्हणून बोलायचे असेल तर ‘संज्ञापन’ हा पारिभाषिक शब्द विद्यापीठांत रुळलेला आहे.

चर्चेला विषय लागतो आणि बहुधा काहीतरी ठरण्याची अपेक्षा असते. संभाषणाला दोन्हींची गरज नाही. वाटाघाटींत दोन्ही पक्षांना काही हवे असते आणि काही सोडावे लागते. खलबतांत गुप्तपणा मुळातच आहे, कारण हा शब्द एकांत या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. ‘गुप्त खलबते’ लिहिताना ‘गुप्त’ फुकट जाते. परिसंवादात अनेक वक्ते एकाच विषयावर श्रोत्यांपुढे बोलतात. एकमेकांशी बोलतीलच असे नाही.

आणि ‘बोलणे’ या साध्या शब्दाची पोरे सर्वांत चकवणारी. बोलणे झाले, म्हणजे काहीतरी बोललो. बोलणी झाली, म्हणजे लग्नाची, जागेची, व्यवहाराची पुढची पायरी गाठली. बोलणी खाल्ली, म्हणजे ओरडा बसला. बोलाचाली झाली, म्हणजे भांडण झाले. नवख्याने मोठ्या उत्साहाने ‘काल साहेबांशी छान बोलाचाली झाली’ असे सांगितले, तर सहकारी त्याच्याकडे काळजीने पाहतील.

पायरी ५ : ‘बोलणे’ ठेवून पाहा

वाक्य लिहून झाले की संभाषण काढून तिथे बोलण्याचे रूप ठेवा. वाक्य तितकेच उभे राहिले, किंबहुना जास्त सरळ झाले, तर संभाषण नको होते. ‘माझे त्यांच्याशी या विषयावर संभाषण झालेले आहे’ यापेक्षा ‘मी त्यांच्याशी याबद्दल बोललो आहे’ हे केव्हाही चांगले. मराठीला क्रियापदाने बोलायला आवडते; नाम करून त्याला ‘झालेले आहे’ची शेपटी लावली की भाषा सुस्तावते.

मग संभाषण लागते कुठे? जिथे बोलण्याकडे बाहेरून, एक वस्तू म्हणून पाहायचे असते तिथे. ध्वनिमुद्रित संभाषण. दूरध्वनीवरील संभाषणाचा तपशील. संस्कृत संभाषण शिबिर, जिथे भाषेचे व्याकरण नव्हे तर बोलणे शिकवतात. संभाषणकौशल्याचा अभ्यासक्रम. मोबाइलवर निरोपांची जी मालिका साठते तिलाही आता संभाषण म्हणू लागले आहेत, आणि ते बरोबर बसते: ते मोजता येते, जपून ठेवता येते, हटवता येते. ‘बोलणे हटवा’ हे काही चालणार नाही. वर्णन करणारा तिसरा माणूस असेल तरी चालते: ‘शेजारच्या खोलीतले संभाषण अर्धवट ऐकू येत होते.’ बोलणाऱ्यांपैकी एकाने सांगताना मात्र तोच शब्द अवघडतो.

पायरी ६ : एक पत्र दुरुस्त करून पाहा

नवख्याच्या हातचे पत्र साधारण असे असते:

‘महोदय, दि. ५ रोजी आपण व आमच्या दरम्यान जे दूरध्वनीद्वारे संभाषण संपन्न झाले, त्यामध्ये आपण सदर यंत्राच्या दुरुस्तीच्या संदर्भात आमच्यासोबत संवाद साधला होता. त्या वार्तालापानुसार आपणांस कळविण्यात येते की, दुरुस्तीचे अंदाजपत्रक या पत्रासोबत जोडण्यात आलेले आहे.’

एकच फोन, पण त्याला तीन नावे. वाचणारा अधिकारी विचारात पडतो की तीन वेळा काही घडले की काय. औपचारिक लेखनात एका गोष्टीला एकच नाव द्यायचे आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचे. शाळेत निबंधात शब्द पुन्हा आला की गुण जात असत, ती सवय इथे सोडावी. ‘संपन्न’ होतात ते सोहळे. ‘आपण व आमच्या दरम्यान’मध्ये तर विभक्तीच हरवली आहे. दुरुस्त पत्र एवढेच:

‘महोदय, दि. ५ रोजी दूरध्वनीवर झालेल्या संभाषणानुसार यंत्राच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे.’

‘संभाषणास अनुसरून’ असेही लिहितात, तेही ठीक. पण त्या फोनवर काही ठरले असेल, दर किंवा मुदत कबूल झाली असेल, तर ‘चर्चेत ठरल्यानुसार’ लिहा. संभाषणात ठरल्याचा अर्थ येत नाही. उद्या वाद झाला तर ‘आमचे नुसते संभाषण झाले होते’ म्हणायला समोरचा मोकळा राहतो. आणि हेच जर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला कळवायचे असेल, तर: ‘काल फोनवर बोललो त्याप्रमाणे अंदाजपत्रक पाठवतोय.’ पहिले पत्र फायलीत लागणार आहे, दुसरा निरोप माणसाला जाणार आहे.

अशीच गल्लत माणसाचे वर्णन करताना होते. ‘संभाषणप्रिय व्यक्ती’ असे लिहिण्याआधी थांबा. खूप बोलणारा गप्पिष्ट, कंटाळा येईस्तोवर बोलणारा बडबड्या, नुसताच बोलणारा बोलघेवडा, मोजके बोलणारा मितभाषी. समोरच्याला जिंकेल असे बोलणारा तो संभाषणचतुर, आणि तिथे मात्र दुसरा शब्द तितका नेमका नाही.

शंका राहिलीच तर कोश उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. शब्दाचे लिंग पाहायला तो आजही उपयोगी पडतो. मात्र कोणता शब्द कुणापुढे शोभतो हे कोशापेक्षा कानाला जास्त कळते. लिहिलेले वाक्य मोठ्याने वाचा. तोंड अवघडले तर शब्द बदला.

घरात ‘संभाषण’ म्हणायची एक जागा आहे, ती टोमण्याची. तासभर फोनला चिकटलेल्या नातीला आजी विचारते, ‘झालं का बाई तुमचं संभाषण?’ इथे ‘बोलणं’ ठेवून पाहा. टोमणा जातो आणि साधा प्रश्न उरतो.